विकतची हराळी

कळंब्याच्या वाटेवरची ती गृहनिर्माण संस्था आखताना आखणाऱ्याचा हात शेवटच्या प्लॉटपाशी थकला असावा. कारण सोमशेखरच्या खिडकीखाली जमिनीचा एक त्रिकोण कुणाच्याच नावावर न चढता उरला होता. तिन्ही बाजू वेगवेगळ्या लांबीच्या, एकूण क्षेत्र सहाशे चौरस फूट, आणि नकाशात त्यावर एकच शब्द : 'इतर'. शाळेच्या दाखल्यापासून बढतीच्या यादीपर्यंत स्वतःला याच रकान्यात पाहत आलेल्या सोमशेखरला त्या तुकड्याविषयी जिव्हाळा वाटू लागला, यात नवल नव्हते.

सोमशेखर पाटबंधारे खात्यात वरिष्ठ लिपिक होता. चार हजार हेक्टरांना पाणी कधी सुटायचे आणि कुणाच्या अर्जाअभावी अडायचे, हे त्याच्या टेबलावर ठरत असे. पण त्या पाण्यावर उगवलेले एक पानही त्या टेबलापर्यंत कधी पोचले नव्हते. पोचत ते उसाचे आकडे. हातकणंगल्याच्या शेतकरी घरात जन्म, मराठीची पदव्युत्तर पदवी, उशाशी चार कवितासंग्रह आणि वय वर्षे बेचाळीस, एवढ्या सामग्रीवर त्याने एक निष्कर्ष काढला होता : आपल्या भोवताली जे जे हिरवे आहे ते ते कशासाठी तरी आहे. ऊस साखरेसाठी, मका वैरणीसाठी, शेवगा आमटीसाठी, आणि तुळस पुण्यासाठी. नुसतेच हिरवे, कुणाच्याही उपयोगी न पडणारे, आपल्याच तोऱ्यात उगवलेले असे काही या जिल्ह्यात त्याने पाहिले नव्हते. ते त्याला हवे होते, आणि आपल्या खिडकीखाली हवे होते.

२००२ च्या जूनमधल्या वार्षिक सभेत त्याने त्रिकोणासाठी अर्ज दिला. त्याच सभेत शेजारच्या बाळासोंनीही दिला. बाळासोंच्या गोठ्यात सात म्हशी होत्या आणि कडबा रचायला जागा नव्हती. संस्थेचे सचिव उदयसिंह हे साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरून निवृत्त झालेले गृहस्थ. कोणतीही गोष्ट तोलल्याखेरीज त्यांना चैन पडत नसे. त्यांनी दोन्ही अर्ज अक्षरशः दोन तळहातांवर घेतले आणि निकाल दिला.

"बागेला सव्वीस जानेवारीपतूर मुदत. त्या दिवशी समिती येऊन बघंल. बाग असली तर जागा कायमची सोमशेखर साहेबांच्याकडं. नसली तर बाळासोंचा कडबा. मंजूर?"

सभेने हात वर केले, कारण चहा आला होता.

फुलांच्या प्रदर्शनात सोमशेखरने नवशिक्यांसाठी लिहिलेली एक पुस्तिका घेतली होती. तिचा पहिला उपदेश त्याला काव्यमय वाटला : कुदळ उचलण्यापूर्वी सात दिवस जागेत नुसते बसा आणि ऊन कुठून येते, सावली कुठे रेंगाळते ते पाहा. त्याने रजा टाकली, वेताची खुर्ची त्रिकोणाच्या मध्यावर ठेवली आणि सावली पाहू लागला. तिसऱ्या दिवशी बाळासो कुंपणाशी आले.

"साहेब, सस्पेंड झालायसा काय?"

"नाही. सावली बघतोय."

"कुणाची?"

"घराची. कुठे किती वेळ पडते ती."

बाळासोंनी त्या सावलीकडे, मग सोमशेखरकडे पाहिले. "ती रोजच पडत्या की. वहिनींशी काय वाजलं असलं तर सांगा. आमच्या घरात बोलावून मिटवू."

सातव्या दिवसापर्यंत गल्लीत दोन पक्ष पडले : सोमशेखरने पैसे खाल्ले असे म्हणणारा, आणि शिवलीलाने त्याला घराबाहेर काढले असे म्हणणारा. शिवलीला, म्हणजे त्याची पत्नी, प्राथमिक शाळेत शिकवत होती. तिने दुसरा पक्ष खोडून काढायची फारशी तसदी घेतली नाही; त्या आठवड्यात बायका तिच्याशी नेहमीपेक्षा आदराने बोलत होत्या.

पुस्तिकेचा दुसरा उपदेश आलेखाच्या कागदावर आराखडा काढण्याचा. उंच झाडे मागे, बुटकी पुढे, एका जातीची रोपे तीन-तीनच्या घोळक्याने, मध्ये मोकळी हिरवळ. पाऊलवाट कागदावर ठरवू नका, पावले जिथून आपोआप जातात तिथे ती असू द्या, असेही त्यात बजावले होते. सोमशेखरने चुना भुरभुरून पावलांचा माग काढला. पावले आपोआप जात होती ती सकाळ-संध्याकाळ दुधाची चरवी घेऊन बाळासोंच्या गोठ्याकडे. तेव्हा बागेची नागमोडी वाट म्हशींच्या गव्हाणीशी जाऊन थांबली. सौंदर्यदृष्टीचा हा पहिला पराभव त्याने मुकाट्याने आलेखावर नोंदवला.

तिसरा उपदेश मातीचा : मूठभर ओली माती दाबून पाहा, गोळा झाला आणि बोटाने टिचकी मारताच फुटला, तर माती उत्तम. सोमशेखरच्या मुठीत अर्धी वीट आली. घर बांधणाऱ्याने उरलेली खडी, वाळू आणि विटांचे तुकडे त्याच त्रिकोणात पुरून हात झटकले होते. आठ दिवस उपसल्यावर माती लागली, आणि ती पाहून बाळासोंनी आपणहून दोन गाड्या शेणखत आणून टाकले. सोमशेखर आभार मानू लागला.

"आभार कशाला?" बाळासो म्हणाले. "जानेवारीत जागा माझीच हुनार हाय. खत वाया जायाचं न्हाय."

सल्ल्यांना तर पूर आला. कुणी लिंबू लावा म्हटले, कुणी कढीपत्ता, कुणी हत्तीघास. प्रत्येकाला सोमशेखर एकच उत्तर देई : "मला खायचे नाही. बघायचे आहे." हे उत्तर ऐकून माणसे प्रकृतीची चौकशी करीत. शाहूपुरीत दुकान असलेल्या एका परिचिताने त्याला बाजूला घेऊन विचारले, डॉक्टरांनी हिरवे बघायला सांगितले आहे काय, म्हणून. सोमशेखर ताठ झाला. डॉक्टरांनी काही सांगितलेले नाही, हे त्याने इतक्या करारीपणे सांगितले की त्या गृहस्थाची खात्रीच पटली.

रोपवाटिकेतून हिरवळीचे गवत पोत्यातून आले. ते लावण्यासाठी वडणग्याहून धोंडुबाई आली. उभा जन्म दुसऱ्यांच्या शेतात भांगलण करण्यात, पिकातले तण उपटण्यात गेलेली बाई. तिने पोते सोडले, एक कांडे उचलले, नखाने सोलले आणि खाली ठेवले.

"सायेब, ही हराळी हाय."

"हे लॉन आहे, धोंडुबाई."

"असंल. पन ही हराळी हाय. जल्मभर हीच उपटून पोट भरलं मी." तिने आजूबाजूला पाहिले. "ही तुमी विकत आनलीसा?"

"होय."

"आनि लावायचे पैसे मला देनार?"

"होय."

वितीवितीच्या अंतरावर कांडी खोचताना तिने पदर नाकापर्यंत ओढून घेतला होता. सोमशेखरला वाटले, ऊन लागते आहे. संध्याकाळी जाताना तिने सांगितले, "रस्त्यानं आमच्या गावची मान्सं जात्यात. कुनी वळखलं असतं तर काय सांगिटलं असतं?"

गवताला पाणी हवे. संस्थेच्या टाकीवरून नळी जोडायला परवानगी हवी, आणि परवानगीला अर्ज. पाटबंधारे खात्याच्याच नमुन्यावरून छापलेल्या त्या अर्जात 'पीक' असा रकाना होता. सोमशेखरने लिहिले : गवत. अर्ज परत आला. त्याने लिहिले : हिरवळ. अर्ज परत आला. तिसऱ्या खेपेस तो स्वतः उदयसिंहांकडे गेला.

"गवत हे पीक न्हाय साहेब," उदयसिंह शांतपणे म्हणाले. "गवत म्हंजी पीक नसल्याचा पुरावा. मी पाणी कशाला मंजूर करू?"

आपण आयुष्यभर इतरांना जी उत्तरे दिली ती ऐकायला कशी लागतात, हे सोमशेखरला त्या खुर्चीत बसून प्रथमच कळले. त्याने रकान्यात 'सौंदर्य' असे लिहिले, खाली सही केली आणि फाटकाबाहेर पडला. काय आश्चर्य, चौथ्या दिवशी मंजुरी आली. 'सौंदर्य' हे शासनाने नुकतेच आणलेले एखादे संकरित वाण असावे, असा उदयसिंहांचा समज झाला होता.

श्रावणात त्रिकोणावर हिरवी लव फुटली. भाद्रपद लागेपर्यंत ती बोटभर झाली, आणि गणेश चतुर्थीच्या पहाटे सोमशेखर उठला तो कुजबुजीने. खिडकीखाली नऊ बायका ताटल्या घेऊन वाकल्या होत्या. हराळीची पाती म्हणजेच दूर्वा, आणि एकेकीला त्यांच्या एकवीस जुड्या हव्या होत्या. गवताचे रक्षण करावे तर समोर साक्षात गणपती.

"मीच सांगितलं त्यांना," मागून शिवलीला म्हणाली. "आपल्याकडं एवढ्या आहेत, तर बाजारातनं कशाला आणायच्या? अहो, असे बघू नका. निदान कशाच्या तरी उपयोगी पडलं."

हे शेवटचे वाक्य त्याला सर्वांत लागले. पोलीस भरतीतल्या उमेदवाराच्या डोक्यासारख्या दिसणाऱ्या त्या हिरवळीपुढे उभे राहून त्याने मनाशी निश्चय केला, की यापुढे हे गवत देवाच्याही उपयोगी पडणार नाही.

देवाने ते मनावर घेतले नाही, म्हशीने घेतले. दिवाळीच्या पाडव्याला कोल्हापुरात म्हशी नटवून मोटारसायकलीमागे पळवतात. बाळासोंची चिमणी ही त्यांच्या गोठ्यातली सर्वांत आडदांड म्हैस. रंगवलेली शिंगे, गळ्यात कवड्यांची माळ, कपाळावर मोरपिसे, अशी ती धन्याच्या गाडीमागे गल्लीभर ऐटीत धावली, आणि बाळासोंनी वळणावर गाडी थांबवताच तिने आपली स्वतंत्र वाट पकडली. ती वाट आलेखावर सोमशेखरनेच काढलेली होती. चिमणी थेट हिरवळीच्या मध्यावर गेली, पोटभर चरली आणि बसली. लोक फोटो काढायला जमले.

"बाळासो, उठवा तिला."

"सणाच्या दिवशी नटलेल्या जनावराला हाकलत न्हाईत साहेब. बसली म्हंजी जागा पसंत पडली तिला. कडबा इथंच बरा, असं म्हनालीय ती."

सोमशेखरने संस्थेकडे लेखी तक्रार केली. बाळासोंनी लेखी उत्तर दिले : सदर म्हशीने गवत सर्व ठिकाणी सारख्या उंचीचे केले असून, मजुरी घेतलेली नाही. ते खरे होते. यानंतर सोमशेखरने तारेचे कुंपण घातले, फाटकाला कुलूप लावले, आणि डिसेंबरच्या थंडीत रोज सकाळी स्वतः नळी धरून उभा राहू लागला. मागे तीन तगर, त्यांच्यापुढे तीन जास्वंदी, आणि मध्ये ते गवत. जानेवारीत दहिवराने ओले झालेले ते हिरवे अंग पाहताना आपल्याला काहीही आठवत नाही, काहीही सुचत नाही, कवितेच्या एका ओळीचीही गरज वाटत नाही, हे त्याच्या ध्यानात आले. बेचाळीस वर्षांत इतके रिकामे सुख त्याला कुणी दिले नव्हते. सव्वीस तारखेची भीती उरली नव्हती.

चोवीस तारखेला सकाळी अण्णा आले. अण्णा म्हणजे थोरला भाऊ, वीरभद्र. हातकणंगल्याची तीन एकरांची शेती तोच बघे. ऊस तुटून गेला होता, म्हणून दोन दिवस भावाकडे राहायला. सोमशेखर कार्यालयात आणि शिवलीला शाळेच्या झेंडावंदनाच्या तयारीत. तेव्हा तिने घराची व फाटकाची किल्ली दिराच्या हाती ठेवली, आमटी-भात कुठे आहे ते सांगितले आणि ती गेली.

संध्याकाळी सोमशेखर परतला तेव्हा त्रिकोणात हिरवे असे काही नव्हते. सगळी जमीन हातभर खोल खणून उलथी घातलेली होती. तगरी आणि जास्वंदी काढून ओल्या पोत्यात व्यवस्थित बांधून ठेवल्या होत्या. रस्त्याकडेला मुळांचा छातीइतका ढीग होता, आणि कट्ट्यावर, मातीने माखलेला, तृप्त चेहऱ्याचा वीरभद्र बसला होता.

"आधी पानी दे," तो म्हणाला. "सोमू, तुझ्या दारात हराळी माजली हुती रं. नशीब मी आलतो. आनि एक पावसाळा गेला असता तर जोत्यात शिरली असती."

सोमशेखर पायरीवर बसला.

"खुळ्यासारखा काय बसतोस? शेतकऱ्याचा पोरगा तू. दिसली न्हाय व्हय तुला?"

"अण्णा, ती मी लावली होती."

"काय लावलीतीस?"

"हराळी. विकत आणून."

वीरभद्राने हातातला तांब्या खाली ठेवला. तो बोलला तेव्हा आवाजातला सगळा दणका गेला होता. "अप्पा काय करत गेला, ठावं हाय न्हवं तुला? आडव्या बांधाची हराळी काढत गेला. शेवटी शेवटी दिसत नव्हतं, तर हातानं चाचपून कांडी येचायचा. त्याची नखं आठीव. आनि तू पैसं मोजून ती घरात आनलीस?"

सोमशेखरला वडिलांची ती नखे आठवत होती. काळी, चिरलेली, जेवताना भाताच्या ढिगात उठून दिसणारी.

"अप्पांनी ती काढली, कारण ती पिकाच्या आड येत होती," तो सावकाश म्हणाला. "माझ्याकडं पीक नाही, अण्णा. ती कुणाच्याच आड येत नव्हती. मी तिला नुसता बघत होतो."

वीरभद्र त्या रात्री जेवला नाही.

दुसरा दिवस अबोल्यात गेला. शिवलीलाने उपाय काढला : गल्लीतून वीस-पंचवीस कुंड्या मागून आणू, समितीपुरत्या मांडू. बायका द्यायला तयार होत्या. दूर्वांचे उपकार होते. सोमशेखरने नकार दिला.

"उसनी बाग दाखवून जागा घ्यायची, तर ती कडब्यालाच जाऊ दे. जे आहे ते दाखवीन."

"आहे काय त्यात?"

"ते मी सांगेन."

काय सांगणार हे त्याला ठाऊक नव्हते. सव्वीस जानेवारीला झेंडा झाल्यावर त्याने इस्त्रीच्या सदऱ्यानिशी वेताची खुर्ची उचलली, उकरलेल्या ढेकळांत मधोमध ठेवली आणि तिच्यावर बसला. समिती आली. पुढे वही घेतलेले उदयसिंह, मागे दोन सभासद, आणि त्यांच्या मागे, हातात टेप घेऊन, कडब्याच्या गंजीचे माप काढायला आलेले बाळासो.

"बाग कुठाय?" उदयसिंहांनी विचारले.

"ही."

"ही जमीन हाय साहेब."

"बाग जमिनीत आहे."

"मला कागदावर लिवायचं हाय. दिसल्याबिगर कसं लिवू?"

"मग जे दिसत नाही ते नाही, असे लिहा," सोमशेखर म्हणाला. तो खुर्चीवरून उठला नाही. "मी सात महिने इथे राबलो आहे. दूर्वा काढून नेल्या, म्हशीने खाल्ले, माझ्या सख्ख्या भावाने खणून काढले. मी उठणार नाही. गंज रचायची तर माझ्याभोवती रचा."

बाळासोंनी टेप गुंडाळून ठेवला. असे काही घडले की समजूत घालायला पुढे व्हायचे, ही त्यांची जुनी सवय. पण या खेपेस ते कुंपणालाच टेकून राहिले. उदयसिंहांनी वही मिटली, आणि वजन घालायला दुसरे पारडे शोधावे तशी त्यांची नजर कट्ट्यावर गेली.

"पावणं, तुम्ही खणलंय म्हनं हे. शेतकरी हायसा. तुम्हीच सांगा, सगळं गवत निघालं का?"

'व्हय' एवढे म्हटले की हराळी गेली, अप्पाच्या नखांचे पांग फिटले, आणि भावाचे खूळही उतरले. वीरभद्राने सोमशेखरकडे पाहिले नाही. तो उठला, कुंपणाच्या आत आला, खाली वाकला आणि ढेकळात हात घातला. बोटांत पांढरे, सांध्यासांध्यांचे एक मूळ आले. पेरभरच असेल.

"न्हाय निघालं," तो म्हणाला. जमिनीच्या बाबतीत खोटे बोलणे त्याला जमले नव्हते. त्याचा त्यालाच राग आलेला दिसत होता. "एवढं कांडं राहिलं तरी फुटतं. हितं असली शेकड्यानं राहिली असतील. खनताना कुदळीनं तुटत्यात, एकाची चार हुत्यात. म्या काढली न्हाय, वाढीव लावली म्हना."

"परत येनार?"

"पंधरा दिसांत. पानी दिलं तर धा."

"आनि कायमची काढायची म्हटली तर?"

वीरभद्राने ते मूळ तळहातावर उलटेपालटे केले. "आमचा अप्पा चाळीस वर्सं काढत हुता," तो म्हणाला. "रानात अजून हाय."

"तरी पन वरनं कडबा टाकला तर?" बाळासोंनी हळूच विचारले.

"गंजीतनं वर येईल. मग म्हशीच्या दातातनं सोडवत बसा."

उदयसिंहांनी वही पुन्हा उघडली. त्यांनी बराच वेळ लिहिले आणि सवयीप्रमाणे मोठ्याने वाचून दाखवले : "सहाशे चौरस फूट. बाग जमिनीखाली अस्तित्वात. जाणकार शेतकऱ्याच्या मते ती काढणे अशक्य. सबब, कायम." दोघा सभासदांनी सह्या केल्या. बाळासोंनी 'बरं' म्हटले आणि साक्षीदार म्हणून आपणही केली.

माणसे गेल्यावर वीरभद्राने कुदळ उचलली, अंगणातल्या नळाखाली बादली ठेवली आणि कुदळीचे पाते, पायताणांचे तळ, बोटांची नखे घासघासून धुऊ लागला. एकही कांडे आपल्याबरोबर हातकणंगल्याला जाता कामा नये, याची तो अतिशय बारकाईने खबरदारी घेत होता. बादलीतले पाणी मातकट झाले, त्यात पांढरे तुकडे तरंगू लागले. ती उचलून तो गटाराकडे निघाला.

"अण्णा," सोमशेखर खुर्चीवरूनच म्हणाला, "तिकडं नको. इकडं ओत."

वीरभद्र थांबला. मग त्याने मान दुसरीकडे वळवली, जणू हे आपल्या हातून घडतच नाही, आणि बादली भावाच्या पायांपाशी रिकामी केली.